पट घटला म्हणून शाळेला कुलूप?

नाशिकच्या अंबड भागातील एका कामगार वस्तीत काही दिवसांपूर्वी पालकांची एक छोटीशी बैठक भरली होती. जवळच्या प्राथमिक शाळेचा पट कमी झाला असून ती दुसऱ्या शाळेत विलीन होणार, अशी बोलवा वस्तीत पसरली होती. ती खरी की खोटी, हे कोणासच ठाऊक नव्हते. पुरुष मंडळी अर्जाच्या मसुद्यावर वाद घालीत होती. इतक्यात मागे बसलेली एक माता उठली आणि म्हणाली, "मी सकाळी सातच्या पाळीला जाते. शाळा गल्लीच्या तोंडाशी आहे म्हणून थोरली पोरगी धाकट्याला हाताला धरून नेते. शाळा हायवेच्या पलीकडं गेली तर एक तर मला काम सोडावं लागंल, नाही तर थोरलीला शाळा."

त्यानंतर बैठकीत काही वेळ कोणीच बोलले नाही. शाळा बंद करण्याच्या प्रश्नाचे मर्म त्या माउलीने दोन वाक्यांत सांगितले होते. सरकारच्या वहीत त्या घरातून दोन मुले एका शाळेच्या पटावरून कमी होतील आणि दुसऱ्या शाळेच्या पटावर चढतील. बेरीज बरोबर जमेल. परंतु त्या घरच्या वहीत एक मजुरी तरी कमी होईल किंवा एक शिकणारी मुलगी तरी. ही दुसरी वही कोणी उघडून पाहत नाही, हेच ह्या धोरणाचे मूळ दुखणे आहे.

तथापि ह्या प्रश्नाचा विचार आपण भावनेच्या भरात करू नये. शाळा बंद करणे हे प्रत्येक वेळी पापच असते, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. शाळा बंद करण्याचा एक निर्णय तर आपल्या समाजाने कृतज्ञतेने स्मरावा असा आहे. करवीर संस्थानात अस्पृश्यांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा चालत असत. राजर्षी शाहू छत्रपतींनी 1919 साली त्या वेगळ्या शाळा बंद करण्याचा हुकूम काढला आणि अस्पृश्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळांत, सर्वांच्या बरोबरीने घेण्याचे फर्मान सोडले. त्या दिवशी काही शाळांची दारे बंद झाली हे खरे. परंतु ती बंद होताना त्यांहून मोठी दारे उघडली. हुकुमाची जबाबदारी राजाने स्वतः उचलली होती. ज्या राजाने 1917 साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्याचाच हा निर्णय होता, हेही विसरता कामा नये.

ह्या उदाहरणातून एक कसोटी हाती लागते. शाळा बंद झाल्यावर तेथील प्रत्येक मूल पूर्वीपेक्षा चांगल्या वर्गात, मानाने आणि सुरक्षितपणे जाऊन बसते की नाही? बसत असेल, तर त्या निर्णयाला विरोध करण्याचे कारण नाही. एक जरी मूल वाटेत गळत असेल, तर कागदावर त्याला समायोजन म्हणा, विलीनीकरण म्हणा अथवा समूह शाळा म्हणा, ते त्या मुलाच्या हक्काचे हरण होय.

आता आपल्या राज्यात काय घडले ते पाहू. 2017 च्या अखेरीस दहापेक्षा कमी पट असलेल्या 1314 शाळा बंद करून तेथील मुले जवळच्या शाळांत पाठविण्याचा निर्णय झाला. पुढे वीस वा त्याहून कमी पटाच्या शाळांची माहिती गोळा करण्यात आली आणि सप्टेंबर 2023 मध्ये अशा शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. त्या वेळी पुढे आलेला आकडा होता 14,783 शाळांचा. त्यांत 1,85,467 मुले शिकत होती आणि 29,707 शिक्षक काम करीत होते. म्हणजे सरासरीने एका शाळेत बारा-तेरा मुले व दोन शिक्षक. हे केवळ महाराष्ट्रातच घडते असेही नाही. उत्तर प्रदेशात 2025 साली पन्नासपेक्षा कमी पटाच्या शाळा दुसऱ्या शाळांशी जोडण्याचे धोरण आले आणि तेथेही पालकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.

सरकारपक्षाची बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे. तो म्हणतो, पाच-सात मुलांच्या शाळेत मुलाला बरोबरीचे सोबती मिळत नाहीत. खेळाचा संघ होत नाही. एकच शिक्षक चार इयत्ता शिकवितो आणि तोच निवडणुकीच्या व सर्वेक्षणाच्या कामाला जुंपला गेला की शाळा वाऱ्यावर पडते. मोठी शाळा झाली तर ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक व विषयवार शिक्षक देता येतील. हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. एकाकी शाळेत मूल कोमेजते, हे आम्हीही पाहिले आहे. परंतु शिक्षकाला शाळाबाह्य कामाला कोणी जुंपले? रिक्त जागा वर्षानुवर्षे कोणी भरल्या नाहीत? रोग आपणच लावावयाचा आणि रोगी अशक्त झाला म्हणून त्याला घराबाहेर काढावयाचे, हा न्याय नव्हे.

शाळांचा समूह ही कल्पना मुळात वाईट नाही, हेही सांगून टाकतो. 1964 ते 1966 ह्या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने ती मांडली होती. एका माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळांनी परस्परांना साहाय्य करावे, साधने वाटून घ्यावीत, शिक्षकांनी एकमेकांपासून शिकावे, असा तिचा आशय होता. त्यात शाळा जागच्या जागी राहत होत्या. हिंडावयाची होती ती पुस्तके, साधने आणि शिक्षक. आताच्या योजनेत साधने जागच्या जागी राहतात आणि सहा वर्षांच्या मुलाने हिंडावयाचे असते. एकाच नावाखाली कल्पना कशी उलटी होते, ह्याचा हा नमुना आहे.

पटसंख्येचा जो वीस हा आकडा पुन्हा पुन्हा पुढे केला जातो, त्याचेही स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. संविधानात 2002 च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने 21-क हे कलम आले आणि सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्या हक्काला आकार देणारा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याखालील महाराष्ट्राच्या 2011 च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावयास पाहिजे; तेथे शिकू इच्छिणारी सहा ते अकरा वयाची किमान वीस मुले परिसरात असावीत, एवढीच अट आहे. वाचकहो, ही अट नवी शाळा काढण्यासंबंधी आहे. चालू शाळा मोडण्याचा परवाना तिच्यात शोधणे म्हणजे लग्नाच्या वयाची अट दाखवून झालेला संसार मोडण्यासारखे आहे! शिवाय नियमात मोजावयाची आहेत ती परिसरातील मुले. एका शाळेच्या हजेरीपटावरील नावे नव्हेत.

हा भेद अंबडच्या वाचकाला चटकन पटेल. अंबड हे एकेकाळचे शेतकऱ्यांचे खेडे. भोवती औद्योगिक वसाहत उभी राहिली, शेजारी सिडकोची घरे झाली, 1982 साली नाशिक महानगरपालिका स्थापन झाली आणि गाव शहराचा भाग बनले. मराठवाड्यातून, खानदेशातून, बिहार-उत्तर प्रदेशातून माणसे कामाला आली आणि चुंचाळ्याच्या घरकुलांपासून लिंक रोडच्या कडेच्या खोल्यांपर्यंत दाटीवाटीने राहू लागली. येथे मुलांचा दुष्काळ आहे काय? मुळीच नाही. मूल नाही म्हणून शाळा ओस पडण्याची वेळ दूर डोंगरातल्या पाड्यावर येऊ शकेल; अंबडसारख्या ठिकाणी शाळेचा पट घटला, तर त्याचा अर्थ मुले दुसरीकडे गेली एवढाच होतो. काही खाजगी इंग्रजी शाळांत गेली, काही कंत्राट संपलेल्या बापाबरोबर दुसऱ्या गावी गेली आणि काही कोठेच गेली नाहीत. ह्या शेवटच्या मुलांना शोधून आणण्याचे काम कायद्याने शासनावर आणि स्थानिक संस्थेवर टाकले आहे. ते न करता हजेरीपटावरील आकडा दाखवून शाळा बंद करणे म्हणजे स्वतःच्या कसुरीचा स्वतःच पुरावा करणे होय.

अंतराचीही तीच गोष्ट. नकाशावर एक किलोमीटर म्हणजे बोटभर रेघ. परंतु त्या रेघेत मुंबई-आग्रा महामार्ग येतो, मालमोटारींचा रस्ता येतो, पाळी सुटताना लोटणारी गर्दी येते. अंतर फूटपट्टीने मोजू नये. ते सहा वर्षांच्या मुलीच्या पावलांनी मोजावे, आणि ती एकटी चालत असता मोजावे.

ह्या संदर्भात परमपूज्य बाबासाहेबांच्या एका भाषणाची आठवण करून देणे आवश्यक वाटते. 12 मार्च 1927 रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी आकडेच सभागृहापुढे ठेवले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठराच चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी दाखवून दिले. शिक्षण खाते हे जेवढे दाम तेवढे काम ह्या हिशेबाने चालविण्याचे खाते नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. बाबासाहेबांनी शाळेत किती मुले शिरली ह्यावर समाधान मानले नाही. साक्षर होऊन किती बाहेर पडली, हे त्यांनी विचारले. आज आपणही तेच विचारले पाहिजे. ज्या शाळा बंद झाल्या, त्यांतील मुले एक वर्षानंतर कोठे आहेत? नावानिशी यादी दाखवा. ती यादी दाखविता येत नसेल, तर पुढची शाळा बंद करण्याचा नैतिक अधिकार कोणासही उरत नाही.

सरकारच्या धोरणातील विसंगतीही नजरेआड करण्याजोगी नाही. 2009 च्या कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांतील पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांसाठी राखल्या. 9 फेब्रुवारी 2024 रोजी राज्य सरकारने अधिसूचना काढली, की एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेवर हे बंधन राहणार नाही. जवळ सरकारी शाळा आहे ना, मग गरिबाच्या मुलाने तेथेच जावे, असा त्याचा अर्थ. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये ती रद्द ठरविली आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही, हे आपले सुदैव. परंतु वाचकांनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. एका हाताने सांगावयाचे की सरकारी शाळा जवळ आहे, म्हणून खाजगी शाळेचे दार मागू नका; आणि दुसऱ्या हाताने ती जवळची शाळा पट कमी म्हणून दूर न्यावयाची! मग आमच्या मुलाने उभे राहावे तरी कोणत्या दारात?

हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यातील मुलांनी मोठ्यांहून अधिक चांगल्या रीतीने विचारला आहे. इगतपुरी तालुक्यात भाम धरणाच्या परिसरात दरेवाडी नावाची आदिवासी वस्ती आहे. तेथील शाळा बंद करून मुलांना दुसऱ्या शाळेत जाण्यास सांगितले गेले, तेव्हा ऑक्टोबर 2022 मध्ये ती मुले शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेकडे निघाली. दप्तर परत घ्या आणि आम्हांला शेळ्या द्या, ही त्यांची मागणी होती. शाळा नसेल तर आमच्या वाट्याला शेळ्या राखणेच येणार, मग ते तरी सरकारने रीतसर द्यावे, असा तो रोकडा युक्तिवाद होता. अखेर प्रशासनाला त्यांची शाळा पुन्हा सुरू करावी लागली. त्या मुलांनी कोणाला दगड मारला नाही, कोणाचे काही मोडले नाही. ज्या जिल्ह्यात 1930 साली काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह झाला, त्या जिल्ह्याला शोभेल असेच ते आंदोलन होते.

परंतु दोष सारा सरकारच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. आता थोडे कटू बोलतो. नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी ते घरचे बोलणे म्हणून ऐकावे. सरकारी शाळा ओस पाडणाऱ्यांत आपणही आहोत. घरात दोन पैसे आले की पहिला विचार येतो तो मुलाला टाय लावून बसमध्ये बसविण्याचा. मुलाला इंग्रजी यावे ही इच्छा मुळीच गैर नाही. परंतु वर्गात किती मुले आहेत, शिक्षक शिकलेला आहे की नाही, हे न पाहता केवळ फलक इंग्रजी आहे म्हणून कर्ज काढून फी भरावयाची, आणि मधल्या वर्गात फी थकली की मुलाचे नाव काढावयाचे, ह्याला शहाणपण म्हणता येणार नाही. आपल्यातील नोकरदार, शिकलेला, बोलका पालक सरकारी शाळेतून निघून गेला, तेव्हा त्याच्याबरोबर तिचा आवाजही गेला. मागे राहिले ते कचरा वेचणाऱ्याचे, बांधकामावरच्या मजुराचे मूल. त्याच्या बापाला अधिकाऱ्यासमोर बोलता येत नाही; म्हणून ती शाळा बंद करणे सोपे होते. जुन्या जातिव्यवस्थेत शाळेच्या आत वेगळे बसविले जाई. आता ऐपतीप्रमाणे शाळाच वेगळ्या झाल्या आहेत, आणि ह्या नव्या वेगळेपणाला आपणही हातभार लावीत आहोत. समतेची प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने ह्याचा विचार करावयास नको काय?

आणखी एक व्यावहारिक बाब आहे. ती लहान दिसते, परंतु नवबौद्ध कुटुंबांच्या हक्कांशी तिचा निकटचा संबंध आहे. शाळा म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. तिच्या कपाटात प्रवेशाचे जनरल रजिस्टर असते, आणि आपल्या आजोबांची, वडिलांची जात व जन्मतारीख सांगणारा तो बहुधा सर्वांत जुना कागद असतो. बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राकडून मिळाल्या त्या 1990 च्या दुरुस्तीनंतर. आजही जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी ह्यांसाठी पूर्वजांच्या शालेय नोंदी मागितल्या जातात. धर्मांतरामुळे अनेक घरांत आजोबांच्या नावापुढे एक नोंद असते आणि नातवाच्या नावापुढे दुसरी. ही साखळी जोडणारे रजिस्टर शाळा बंद होताना कोणत्या गोणीत जाते, हे कोणी विचारतो काय? म्हणून ज्यांनी अशा शाळेत शिक्षण घेतले असेल, त्यांनी आपल्या व वडिलधाऱ्यांच्या नोंदींचे उतारे आजच काढून घ्यावेत. शाळा विलीन होणारच असेल, तर रजिस्टर कोणत्या शाळेच्या ताब्यात दिले, हे लेखी मागावे.

मग करावे काय? केवळ मोर्चा हे उत्तर नाही आणि केवळ अर्ज हेही नाही. कायद्याने प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी लागते. ही समिती कागदावर भरून टाकली जाते, कारण आपण सभेला जात नाही. प्रथम तेथे जाऊन बसा. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार त्या समितीला आहे, तो वापरा. वस्तीतील सहा ते चौदा वर्षांच्या मुलांची घरोघरी जाऊन यादी करा. हे काम विहारातील तरुणांना दोन रविवारांत करता येईल. कोणते मूल शाळेत जात नाही, कोणते चहाच्या टपरीवर उभे आहे, कोणती मुलगी भावंडे सांभाळीत बसली आहे, हे त्या यादीतून कळेल. ती यादी घेऊन गेलेल्या माणसाला पट कमी आहे असे सांगण्याची हिंमत कोणा अधिकाऱ्याला होणार नाही.

इतके करूनही एखाद्या शाळेत चार-पाचच मुले उरली, तर आपण आडमुठेपणा करू नये. मुलांना सोबती मिळण्यासाठी शाळा एकत्र करण्यास जरूर संमती द्यावी; मात्र अटी घालून. नवी शाळा आधी पूर्ण तयार व्हावी, मग जुनी बंद व्हावी. वाहनाची सोय पहिल्या दिवसापासून असावी. पुढच्या अंदाजपत्रकाच्या भरवशावर नव्हे. मुलींसाठी सोबतीला जबाबदार स्त्री असावी. नव्या शाळेच्या समितीत जुन्या वस्तीच्या पालकांना जागा मिळावी. एक वर्षानंतर प्रत्येक मुलाचा हिशेब नावानिशी समितीपुढे ठेवावा. जुनी इमारत अभ्यासिका वा बालवाडी म्हणून वस्तीकडेच राहावी. ह्या अटी मान्य नसतील, तर पालकांनी लेखी नकार द्यावा आणि त्या नकाराची पोच घ्यावी.

अंबडच्या त्या बैठकीत शेवटी अर्ज लिहिला गेला. त्याच्या पहिल्या ओळीत पटसंख्येचा उल्लेख होता. त्या मातेने तो ऐकला आणि सांगितले, की आधी पोरांची नावे लिहा, आकडा मग लिहा. मंडळींनी कागद उलटला आणि पुन्हा पहिल्यापासून लिहावयास सुरुवात केली. शाळा चालवावी की बंद करावी, हे ठरविणाऱ्या प्रत्येकाने, मग तो मंत्रालयात असो वा महापालिकेत, ह्याच क्रमाने विचार करावा, एवढेच आमचे मागणे आहे.